मा. पॉल ब्रेमर यांस: पावत्या कुठे आहेत?

मा. एल. पॉल ब्रेमर यांस,


हे पत्र खरं तर जॉर्ज बुश यांना लिहायला हवं होतं, असं कुणीही म्हणेल. इराकवर चाल करून जायचं त्यांनी ठरवलं, टोनी ब्लेअर यांनी मान डोलावली, आणि किती फौज पुरेल याचा हिशेब डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी मांडला. पण या मंडळींवर पुष्कळ लिहून झालंय. ब्रिटनने तर सर जॉन चिलकॉट यांना सात वर्षं बसवून बारा खंडांचा अहवाल लिहून घेतला. तो जुलै 2016 मध्ये बाहेर आला, दोन दिवस गाजला आणि कपाटात गेला. मला कुतूहल आहे ते लढाईनंतरच्या कारभाराचं. तो 12 मे 2003 पासून 28 जून 2004 पर्यंत, तुम्ही इराकचे अमेरिकी प्रशासक असताना, तुमच्या सहीने चालला. तुम्ही एकूण शंभर आदेश काढले. फिरदोस चौकातला सद्दामचा पुतळा पडताना आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला, पण ते शंभर आदेश वाचायची तसदी फारशा कुणी घेतली नाही. इराकी माणसांना मात्र ते वाचावे लागले नाहीत, भोगावे लागले.

वाद नको म्हणून दोन गोष्टी आधीच बाजूला काढतो. सद्दाम हुसेन क्रूर होता यात मला शंका नाही. हलब्जात 1988 साली त्याच्या विमानांनी विषारी वायू सोडून हजारो कुर्द मारले. तुम्ही बगदादला पोचलात त्याच महिन्यात हिल्लाजवळ महाविल इथे सामूहिक कबरी उकरल्या जात होत्या, आणि माणसं हाडांच्या ढिगात ओळखीचं कापड, एखादं ओळखपत्र शोधत होती. ‘सद्दाम होता तेच बरं होतं’ असं म्हणणारे आमच्याकडेही बरेच आहेत. त्यांच्या पंगतीला मी बसत नाही. दुसरी गोष्ट महासंहारक शस्त्रांची. ‘साप साप’ म्हणून भुई कशी धोपटली गेली, ते ती शोधायला तुमच्याच सरकारने नेमलेल्या डेव्हिड के यांनी जानेवारी 2004 मध्ये सिनेटच्या समितीला सांगितलं. त्यावर आणखी शाई घालवत नाही.

माझा अविश्वास आहे तो नंतर रचलेल्या गोष्टीवर. तुमच्या देशात ती फार लोकप्रिय झाली: हेतू चांगला होता, सैन्यही पराक्रमी होतं, फक्त पुढचं नियोजन झालं नव्हतं. अशा आठवणींच्या पुस्तकांनी कपाट भरेल, आणि त्यात तुमचंही एक आहे. ही गोष्ट सगळ्यांना सोयीची पडते. युद्धाच्या बाजूचे म्हणतात, आणखी लाखभर सैनिक असते तर जमलं असतं. विरोधातले म्हणतात, पाहा किती वेंधळे होते. वेंधळेपणाला शिक्षा नसते, त्यामुळे दोन्हीकडचे समाधानाने घरी जातात.

पण जिथे मनात होतं तिथे नियोजन अगदी चोख झालं होतं. 9 एप्रिल 2003 नंतर बगदादमध्ये लूट सुरू झाली. बहुतेक मंत्रालयं दरवाजांच्या चौकटींपर्यंत ओरबाडली गेली. राष्ट्रीय ग्रंथालय जळालं. राष्ट्रीय संग्रहालयातून सुमारे पंधरा हजार वस्तू गेल्या. वारका गावचं पाच हजार वर्षांपूर्वीचं कोरीव पात्रही गेलं, आणि ते जूनमध्ये कुणीतरी गाडीत घालून तुकड्यांत परत आणून दिलं. संग्रहालयाच्या दारात तुमचे रणगाडे 16 एप्रिलला उभे राहिले. तेल मंत्रालयाला पहारा मात्र पहिल्यापासून होता, त्याच्या काचांनाही धक्का लागला नाही. हे सगळं तुमच्या आगमनाच्या आधीचं, त्याचं खापर तुमच्या डोक्यावर फोडणार नाही. पण अग्रक्रमांची ही यादी घेऊनच तुम्ही विमानातून उतरलात, आणि ती बदललीत असं मला कुठे दिसलं नाही.

आता आदेश क्रमांक 2. तारीख 23 मे 2003. तुम्हाला बगदादला येऊन पुरते दोन आठवडेही झाले नव्हते. एका कागदाने तुम्ही इराकी लष्कर, संरक्षण मंत्रालय आणि गुप्तचर यंत्रणा बरखास्त केल्या. नुसतं लष्कर धरलं तरी जवळजवळ चार लाख माणसं. त्याच्या आठवडाभर आधी आदेश क्रमांक 1 ने बाथ पक्षाच्या वरच्या चार पायऱ्यांवरच्या सगळ्यांना सरकारी नोकरीतून काढलं होतं. त्यात शाळामास्तरांचाही नंबर लागला, कारण मुख्याध्यापक व्हायचं तर पक्षाचं कार्ड लागायचं, हे तिथल्या पोराला ठाऊक होतं. पुढे या छाटणीचं काम परागंदा पुढारी अहमद चलबी यांच्या समितीकडे सोपवणं बरोबर नव्हतं, असं तुम्हीच म्हणालात. ते खरं. चलबी हे स्वतः सत्तेच्या रांगेत उभे होते. रांगेतल्या पुढच्यांना हाकलायचा अधिकार तुम्ही त्यांच्याच हाती दिला.

लष्कराबाबत तुमचा बचाव मी वाचला आहे. सप्टेंबर 2007 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये तुम्ही लिहिलंत की मोडायला लष्कर उरलंच कुठे होतं? शिपाई बंदुका टाकून घरी गेले होते, बराकी विटांपर्यंत लुटल्या गेल्या होत्या, आणि जुनं लष्कर परत बोलावलं असतं तर शिया आणि कुर्द भडकले असते. मुद्दा बिनबुडाचा नाही. त्या लष्कराने कुर्दांचं काय केलं होतं ते वर आलंच आहे. पण घरी गेलेला शिपाई आणि काढून टाकलेला शिपाई यांत फरक असतो, आणि तो त्याच्या बायकोला महिनाअखेर कळतो. घरी गेलेला वाट पाहतो, पगार सुरू होईल, हुकूम येईल. तुमच्या आधी या कामावर असलेले जे गार्नर यांचा बेत तोच होता: शिपायांना बोलवायचं, पगार द्यायचा, रस्ते आणि पूल बांधायला लावायचं. तुम्ही पगारही थांबवला आणि दारही लावून घेतलंत. 18 जूनला बडतर्फ शिपाई तुमच्या कचेरीसमोर, म्हणजे सद्दामच्याच जुन्या राजवाड्यासमोर, पगार मागायला जमले. तुमच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या, दोघे मेले. पाच दिवसांनी तुम्ही महिना 50 ते 150 डॉलर भत्ता जाहीर केलात. म्हणजे पैसे होते, द्यायची पद्धतही सुचत होती. दोन माणसं मरायची वाट पाहावी लागली, एवढंच.

त्याच 2007 मध्ये बुश एका लेखकाला म्हणाले की लष्कर टिकवायचं असंच धोरण होतं, ते का टिकलं नाही ते आठवत नाही. तेव्हा तुम्ही दोन दिवसांत जुनी पत्रं काढून वर्तमानपत्राला दिलीत: 22 मे 2003 ला तुम्ही अध्यक्षांना लष्कर बरखास्त करणार असल्याचं कळवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तुमची पाठ थोपटणारं उत्तर धाडलं होतं. हा प्रकार मला मनापासून आवडला. कागद जपणारा माणूस आहात तुम्ही. वेळ आली की नेमका कागद नेमक्या वेळी बाहेर काढता. म्हणूनच हे पत्र तुम्हाला.

कारण मला दुसरे काही कागद हवे आहेत.

इराकचा पैसा न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत होता. तेलाची विक्री, ‘अन्नाच्या बदल्यात तेल’ योजनेतली शिल्लक, सद्दामची गोठवलेली खाती, असा मिळून तो जमला होता. अमेरिकी करदात्याचा डॉलर त्यात नव्हता, हे ध्यानात ठेवायचं. तुमच्या कारकिर्दीत त्यातले जवळजवळ 12 अब्ज डॉलर रोख नोटांमध्ये विमानाने बगदादला गेले. वजन 363 टन. लाकडी फळ्यांवर रचलेली, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली शंभर डॉलरच्या नोटांची पुडकी; एकेक पुडकं विटेएवढं. तुमच्या कचेरीतली माणसं ही पुडकी हातात धरून हसत उभी आहेत, असं छायाचित्र पुढे तुमच्याच संसदेत दाखवलं गेलं. एका कंत्राटदाराला पैसे न्यायला येताना मोठी पिशवी आणायला सांगितलं होतं, हेही तिथेच बाहेर आलं. जानेवारी 2005 मध्ये महानिरीक्षक स्टुअर्ट बोवेन यांच्या लेखापरीक्षणात निघालं की इराकी मंत्रालयांना दिलेल्या 8.8 अब्ज डॉलरचा धड हिशेब लागत नाही. त्यातला सगळाच पैसा खाल्ला गेला, असं बोवेन म्हणाले नाहीत. मीही म्हणत नाही. कुठे गेला ते सांगता येत नाही, इतकंच त्यांचं म्हणणं होतं. आंधळं दळत होतं, एवढं आपण नक्की म्हणू शकतो. पीठ कुणी खाल्लं ते पावत्यांवरून कळलं असतं.

तुमचं उत्तर असं होतं की युद्ध चालू असताना पाश्चात्त्य धाटणीची हिशेबपद्धत एकदम लागू करता येत नाही, ही अपेक्षाच गैर आहे. क्षणभर मलाही पटलं. बँका बंद, फोन बंद, रस्त्यात बॉम्ब, आणि कारकुनांना पगार तर द्यायलाच हवा. अशा वेळी पावतीपुस्तक कोण शोधणार?

पण मग राजीव चंद्रशेखरन यांनी लिहिलेलं वाचलं. वॉशिंग्टन पोस्टचे बगदादमधले प्रमुख होते ते, तुमच्याच ‘ग्रीन झोन’मध्ये, म्हणजे कचेरीभोवतीच्या बंदोबस्ताच्या पट्ट्यात, वावरलेले. त्यांच्याकडून कळतं की त्याच युद्धाच्या धामधुमीत तुमच्या कचेरीने इराकसाठी वाहतुकीचे नियम लिहिले, मेरीलँड राज्याचे नियम समोर ठेवून. बगदादचा शेअर बाजार नव्याने उभारायचं काम अशा पोराकडे गेलं ज्याचं वय 24 आणि शेअर बाजाराचा अनुभव शून्य. सरसकट 15 टक्के प्राप्तिकराचा आदेश निघाला. तुमच्याकडचे काही अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं ज्याची स्वप्नं पाहत होते पण स्वतःच्या देशात जो कधी आणता आला नाही, तो कर. आदेश क्रमांक 39 ने खाणी-तेल वगळता जवळपास सगळे धंदे शंभर टक्के परदेशी मालकीला खुले केले. आदेश क्रमांक 81 ने पेटंटच्या कायद्यात बियाण्यांच्या वाणांचे हक्क घातले, आणि तेही त्या टायग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यात, जिथे माणसाने गहू पेरायला हजारो वर्षांपूर्वी सुरुवात केली. म्हणजे वेळ होता. मनुष्यबळ होतं, कायदे लिहिणारे वकील होते, टंकलेखन करणारेही होते. बॉम्बस्फोटांत बियाण्यांचं पेटंट जमतं, पण वहीत दोन रकाने आखणं जमत नाही, हे मला कुणी समजावून द्यावं.

आणखी एका आदेशाला तर खास वेळ काढला गेला. आदेश क्रमांक 17: परदेशी फौजा, अधिकारी आणि त्यांचे कंत्राटदार यांच्यावर इराकी न्यायालयात खटला चालणार नाही. त्याची सुधारलेली प्रत 27 जून 2004 ची आहे. दुसऱ्या दिवशी, ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधी, बंद खोलीत मोजक्या माणसांदेखत तुम्ही सत्ता इराकी सरकारच्या हवाली केलीत आणि बगदाद सोडलंत. निघायच्या आदल्या दिवशी माणूस गॅस बंद आहे का पाहतो, किल्ल्या मोजतो. तुम्ही ही सही केलीत.

तिचा उपयोग 16 सप्टेंबर 2007 ला झाला. बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर कंपनीच्या पहारेकऱ्यांनी गाड्यांच्या गर्दीवर गोळीबार केला, 17 नागरिक मेले. इराकी सरकार कितीही संतापलं तरी त्याच्या न्यायालयाचे हात बांधलेले होते. खटला अमेरिकेत चालला, सात वर्षांनी चौघे दोषी ठरले, आणि डिसेंबर 2020 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी चौघांनाही माफी देऊन टाकली. तुमची सही नसती तर न्याय झालाच असता, असं मी छातीठोक म्हणत नाही. इराकी न्यायालयांची गत मला माहीत आहे. पण खटला कुठे चालवायचा हे मेलेल्यांच्या देशाला ठरवता आलं असतं.

जुलै 2003 मध्ये तुम्ही नेमलेल्या प्रशासकीय मंडळाविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्यावर तुमच्या टीकाकारांनी जरा जास्तच भर दिला आहे. पंचवीस जण: 13 शिया, 5 सुन्नी, 5 कुर्द, एक तुर्कमान, एक ख्रिश्चन. जातींची गणितं जुळवून मंत्रिमंडळ बसवणं आम्हा महाराष्ट्रातल्यांना नवं नाही, त्यामुळे आकडे पाहून मी दचकलो नाही. शिवाय ही वाटणी तुमच्या डोक्यातून निघालेली नव्हती. परागंदा इराकी पुढारी 1990 पासूनच्या दशकात याच हिशेबाने बैठका भरवत होते. तुम्ही तिच्यावर सरकारी शिक्का मारलात. पुढे अध्यक्ष कुर्द, पंतप्रधान शिया, सभापती सुन्नी, हा शिरस्ता पडला, आणि प्रत्येक मंत्रालय एकेका पक्षाची जहागीर झालं. याच मंडळाने त्या डिसेंबरात बायकांच्या हक्काचा जुना कौटुंबिक कायदा मोडीत काढायचा ठराव केला तेव्हा तुम्ही त्यावर सही केली नाहीत, आणि इराकी बायकांनी रस्त्यावर येऊन तो मागे घ्यायला लावला. तुमच्या खात्यावर ही जमा बाजू आहे. ज्या पक्षांना तुम्ही खुर्च्या दिल्यात त्यांच्या वारसांनी जानेवारी 2025 मध्ये तोच डाव संसदेतून साधला, ही त्याच पानावरची खर्च बाजू.

तुम्हाला वाटेल, हा कोण कुठला मराठी माणूस, याचा इराकशी संबंध काय? संबंध जुना आहे, आणि फार अभिमानाचाही नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी मेसोपोटेमिया घ्यायला नेलेल्या फौजेत आमच्याकडच्या पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची शेतकऱ्यांची पोरं. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी अडकल्या. शेवटी शेवटी घोडे मारून खाण्याची पाळी आली. 29 एप्रिल 1916 ला जनरल टाउनशेंड शरण गेले. ते स्वतः इस्तंबूलजवळच्या एका बेटावर नजरकैदेत आरामात राहिले, शिपाई मात्र वाळवंट तुडवत कैदेत गेले आणि हजारोंनी मेले. पुढच्या वर्षी बगदाद पडल्यावर जनरल मॉड यांनी जाहीरनामा काढला: आम्ही जिंकायला आलेलो नाही, मुक्त करायला आलो आहोत. तीन वर्षांत इराकी लोक या मुक्तीविरुद्ध उठले, आणि ते बंड मोडायलाही हिंदी पलटणीच लागल्या.

म्हणून 2003 च्या उन्हाळ्यात तुमच्या सरकारने भारताकडे फौज मागितली तेव्हा इथे अनेकांच्या पोटात गोळा आला. मागणी सुमारे सतरा हजार सैनिकांची, उत्तर इराकसाठी. दिल्लीत होकाराच्या बाजूने बोलणारे वजनदार लोक होते. पुनर्बांधणीची कंत्राटं मिळतील, अमेरिका खूश होईल, आपण मोठ्यांच्या मेजावर बसू, असे त्यांचे मुद्दे होते. वाजपेयी सरकारने 14 जुलैला नकार दिला: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असल्याशिवाय नाही. यात साधुत्व फारसं नव्हतं. निवडणुका जवळ येत होत्या, आणि कुणाच्या तरी मुलाची शवपेटी मोसुलहून का आली, हे त्याच्या गावात जाऊन सांगणं कठीण होतं. कारण काहीही असो, निर्णय शहाणपणाचा ठरला.

तरीही मोसुलने आमची माणसं घेतलीच. जून 2014 मध्ये इस्लामिक स्टेटने ते शहर जिंकलं. त्या संघटनेच्या लष्करी फळीत सद्दामच्या काळातले अधिकारी होते, तुमच्या आदेश क्रमांक 2 ने घरी बसवलेले. तिचा म्होरक्या अबू बक्र अल-बगदादी तुमच्या सैन्याच्या बुक्का छावणीत कैदेत राहून गेला होता. पण मला सांगायचंय ते पलीकडच्या बाजूचं, म्हणजे तुम्ही मोडलेल्या लष्कराच्या जागी अब्जावधी डॉलर ओतून उभ्या केलेल्या नव्या लष्कराचं. काही दिवसांत मोसुलमधल्या त्याच्या तुकड्या विरघळून गेल्या. त्या वर्षअखेरीस नवे पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी तपास करवला तेव्हा 50 हजार शिपाई निव्वळ पगारपत्रकावर असल्याचं निघालं. आमच्याकडे रोजगार हमीच्या मस्टरवर मेलेल्या माणसांचे अंगठे उठायचे, तसाच हा प्रकार, फक्त बंदुकीसह. 2003 मध्ये शिपाई होते आणि पगार नव्हता. अकरा वर्षांनी पगार होता आणि शिपाई नव्हते.

त्या जूनमध्ये मोसुलला बांधकामावर राबणारे भारतीय मजूर पळवले गेले. बहुतेक पंजाबचे, काही हिमाचल, बिहार, बंगालचे. त्यातल्या 39 जणांच्या घरच्यांना जवळजवळ चार वर्षं ‘जिवंत असतील’ असं सांगितलं जात राहिलं. पुढे बदूश गावाजवळच्या एका टेकाडात हाडं सापडली, नातेवाइकांच्या डीएनएशी जुळवली गेली, आणि तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत 39 जण मारले गेल्याचं जाहीर केलं. तो दिवस 20 मार्च 2018. तुमच्या सैन्याने इराकवर चाल केली त्याला बरोबर पंधरा वर्षं झाली होती. योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही.

इराकमध्ये आज काय चाललंय याची बातमी आता कुणी फारशी देत नाही. बगदादच्या कुठल्याही मोहल्ल्याचं छायाचित्र घ्या. रस्त्यावर डोक्याइतक्या उंचीवर वायरींचं जंजाळ दिसेल. त्या सरकारी वायरी नव्हेत. गल्लीच्या तोंडाशी एकाचा डिझेल जनरेटर असतो, तो घराघरांना अँपिअरच्या हिशेबाने वीज विकतो. पंखा आणि दिवे पाहिजेत तर इतके अँपिअर, फ्रीज पाहिजे तर इतके, एसीचं नावच काढू नका. उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकतो आणि दर वर्षी त्याच सुमाराला विजेसाठी मोर्चे निघतात. लोडशेडिंगवर वाढलेल्या आमच्या पिढीला हे चित्र समजायला अवघड नाही. पण आमच्याकडे निदान तेल नव्हतं. जगातल्या मोठ्या तेलसाठ्यांपैकी एक पायाखाली असलेला देश वीज बनवायला वर्षानुवर्षं इराणकडून गॅस घेत राहिला, आणि विहिरीतून तेलाबरोबर निघणारा स्वतःचा गॅस जाळून टाकत राहिला.

ऑक्टोबर 2019 मध्ये बगदाद, नासिरिया, बसरा इथली पोरं रस्त्यावर आली. बहुतेकांचा जन्म तुमच्या युद्धाच्या थोडा आधीचा किंवा नंतरचा. सद्दाम त्यांना आठवत नव्हता. घोषणा होती, ‘आम्हाला देश हवा’. पंथांच्या हिश्शांवर चालणारा कारभार नको, हे त्यांचं म्हणणं. सरकारने आणि सशस्त्र टोळ्यांनी मिळून सुमारे सहाशे जणांना मारलं. बगदादच्या तहरीर चौकात रुग्णवाहिका पोचत नव्हत्या तिथे जखमींना रिक्षावाल्यांनी उचललं. गरीब वस्त्यांतली ही पोरं, कित्येक जण मिसरूडही न फुटलेले, अश्रुधुरातून रिक्षा घालत होते. त्या रिक्षा आमच्याकडच्या. बजाजच्या तीनचाकी, ज्या आमच्या वाळूजच्या कारखान्यात तयार होतात. पुनर्बांधणीची कंत्राटं आम्हाला मिळाली नाहीत ती नाहीत, इराकच्या कामी आमचं काही आलंच असेल तर ते हे.

आता शेवटची बाब, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. ते न्यूयॉर्कचं खातं. संयुक्त राष्ट्रांच्या 22 मे 2003 च्या ठरावाने इराकी तेलाचा पैसा तिथे जमा होऊ लागला. नावं बदलली, नियम बदलले, तुमचं प्रशासन गेलं, फौजा 2011 ला गेल्या आणि 2014 ला परत आल्या. पैसा मात्र अजून तिथेच जातो, फेडरल रिझर्व्हमधल्या इराकी मध्यवर्ती बँकेच्या खात्यात. यालाही दुसरी बाजू आहे. सद्दामच्या कर्जाचे दावेदार जगभर टपून होते, त्यांच्यापासून त्या खात्याने पैसा वाचवला, आणि म्हणून इराकी सरकारांनाही ते हवंच होतं. पण जानेवारी 2020 मध्ये इराकी संसदेने परदेशी फौजा हाकलायचा ठराव केला तेव्हा वॉशिंग्टनहून इशारा गेला की हे खातं बंद होऊ शकतं. फौजा राहिल्या. वीस-बावीस वर्षांत त्या देशात निवडणुका झाल्या, घटना आली, पंतप्रधान बदलले, आणि मतदारांनी बोटाला जांभळी शाई लावून पुन्हा पुन्हा मत दिलं. यातलं काहीही खोटं नव्हतं. तरी देशाच्या मिळकतीवर कोण बोट ठेवू शकतो हे मे 2003 मध्ये ठरलं, आणि ते कुणी मतदानाला टाकलं नाही.

‘नियोजन नव्हतं’ ही गोष्ट माझ्या गळी उतरत नाही, ती या खात्यामुळे. इतकी वर्षं टिकलेली ही व्यवस्था गडबडीत आणि वेंधळेपणाने झाली असेल, असं कोण म्हणेल?

डिसेंबर 2004 मध्ये तुम्हाला राष्ट्राध्यक्षांकडून स्वातंत्र्याचं पदक मिळालं, जनरल टॉमी फ्रँक्स आणि सीआयएचे जॉर्ज टेनेट यांच्या सोबत. हल्ली तुम्ही व्हरमाँटमध्ये निसर्गचित्रं काढता असं वाचनात आलं. काढा, त्याला माझी हरकत नाही. पण तुम्ही कागद जपणारे आहात, आणि बुश यांच्या एका वाक्याने तुमच्या नावाला बट्टा लागतोय असं वाटताच ते कागद दोन दिवसांत सापडले होते. तेव्हा तीन गोष्टी धुंडाळाव्यात. इराकी मंत्रालयांना रोख पैसे देताना तुमच्या कचेरीने ज्या काही पावत्या, चिठ्ठ्या, सह्यांचे कागद घेतले, त्यांचं जे काही तुमच्याकडे उरलं असेल ते इराकी संसदेला पाठवावं. आदेश क्रमांक 17 ची सुधारणा कुणी मागितली, मसुदा कुणी लिहिला, आणि जायच्या आदल्या दिवशीच सही का झाली, हे सांगावं. आणि 23 मे ते 23 जून 2003 या महिनाभरात बडतर्फ शिपायांना काहीही द्यायचं नाही, असं तुम्ही एकट्याने ठरवलंत की वरून आलं, तेही.

उत्तर इंग्रजीत पाठवलंत तरी चालेल. एक प्रत अरबीत करून बगदादलाही धाडावी.

कळावे,
आपला,
एक मराठी वाचक